डाव्या सीटचं वजन

१

चौतीस वर्षं मी वाळूजच्या एका कंपनीत तपासणी खात्यात होतो. म्हणजे लोकांनी बनवायचं आणि मी नापास करायचं. पाठीमागे मला 'रिजेक्ट साहेब' म्हणत. ते माझ्या कानावर होतं आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचंही. माझं नाव काकासाहेब. घर मुकुंदवाडीत, स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि त्या दोन वर्षांत मी एक गाडी बांधली.

विकत घेतली नाही, बांधली. दोन सीटची, वरून उघडी, लांब नाकाची, पुढे दोन मोठे गोल दिवे. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी विलायतेतले शौकीन लोक चालवायचे तशी. फायबरची बॉडी दक्षिणेतून ट्रकने आली, पेंढ्यात गुंडाळलेली. खालचा सांगाडा चौकोनी पाइपांचा, तो आम्ही इथेच जोडला. इंजिन एका जुन्या व्हॅनचं. 'आम्ही' म्हणजे मी आणि फकिरा. फकिरा कंपनीत माझ्याच काळात वेल्डर होता, आता त्याचं चिकलठाण्याला डेंटिंगचं गॅरेज आहे. मी नापास केलेल्या मालात निम्मा माल त्याचा असायचा, तरी दोस्ती टिकली हा त्याचा मोठेपणा.

चिकलठाणा एमआयडीसीत एक बंद पडलेली कंपनी आहे. तिच्या आवारावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आहे, त्या बदल्यात एक शेड वापरायला मिळाली. कारखान्याला वेढा घालणारा काँक्रीटचा रस्ता आहे, एक किलोमीटर चारशे मीटर. मी स्वतः टेपने मोजलाय. घरी बांधलेल्या गाडीला बाहेरच्या रस्त्याची परवानगी मिळणं अवघड, त्यामुळे आमची सगळी धाव त्या वेढ्यापुरतीच. रोज सकाळी नऊला मी स्कूटरवरून पोचायचो, फकिरा 'जय भीम साहेब' म्हणत चहाची किटली घेऊन यायचा आणि दुपारपर्यंत आम्ही भांडत भांडत काम करायचो.

गाडीची डावी सीट सुलेखाची. सुलेखा माझी बायको. लग्नाला एकतीस वर्षं झाली, ती सगळी तिने स्कूटरच्या मागच्या सीटवर काढली. मुलगी दीपमाला लग्न होऊन नाशिकला गेल्यावर घरात दोघंच उरलो. तेव्हा एकदा भाजी निवडताना ती म्हणाली, "एवढी वर्षं तुमची पाठच बघितली मी. एकदा शेजारी बसवा."

ती सहज बोलून गेली. पण गाडी मी त्या एका वाक्यासाठी बांधली, हे मी फकिरालाही सांगितलेलं नाही.

२

गाडी पुरी झाली की चारही चाकांवर किती भार येतो ते तोलून बघायचं असतं. एका बाजूला भार जास्त असला की गाडी वळणावर दगा देते. मोठ्या कारखान्यात त्यासाठी यंत्र असतं. आमच्याकडे नानासाहेब. त्यांची जाधववाडीच्या मोंढ्यात आडत आहे. पोती तोलायचे चार इलेक्ट्रॉनिक काटे त्यांनी आठवडाभर वापरायला दिले. प्रत्येक काट्याला आकडे दाखवणारा डबा होता. ते चारही डबे लांब वायरींनी ओढून मी गाडीसमोरच्या टेबलावर मांडले, म्हणजे सीटवर बसूनही दिसतील. आधी वीस किलोचं एकच माप चारही काट्यांवर फिरवून पाहिलं. चारही वीसच दाखवत होते.

मग गाडी काट्यांवर चढवली. एकूण सहाशे बेचाळीस किलो. डावीकडे तीनशे एकवीस, उजवीकडे तीनशे एकवीस.

फकिराने हात पुसले. "आता तरी पास म्हणा साहेब."

"अजून माणूस बसायचाय," मी म्हटलं आणि उजव्या सीटवर, स्टिअरिंगमागे बसलो. माझं वजन एकाहत्तर. म्हणजे सातशे तेरा व्हायला पाहिजे होते.

डब्यांवरचे लाल आकडे थोडे नाचले आणि थांबले. फकिराने पॅडवर बेरीज मांडली, खोडली, परत मांडली.

"सातशे एकाहत्तर येतंय."

"फकिरा, पाय काढ काट्यावरचा."

"माझा पाय? मी इथं टेबलापाशी हाय."

मी उतरलो. सहाशे बेचाळीस. फकिराला बसवलं. तो सहासष्ट किलोचा, सातशे आठ आले, अगदी बरोबर. परत मी बसलो. सातशे एकाहत्तर. पुढचे काटे मागे घातले, मागचे पुढे. खिसे रिकामे केले, चपला काढल्या. सातशे एकाहत्तर.

अठ्ठावन्न किलो जास्त. आणि ते कुठे पडले होते? सत्तेचाळीस डाव्या चाकांवर, अकरा उजव्या. हे गणित माझ्या डोक्यात आधीपासून होतं, कारण सुलेखा बसल्यावर काय होईल ते मी कागदावर काढून ठेवलं होतं. डाव्या सीटवर बसलेल्या माणसाचं वजन चाकांवर असंच वाटलं जातं.

मी डावीकडे पाहिलं. लाल रेक्झिनची नवी सीट, मीच शिवून घेतलेली. सपाट, रिकामी. हाताने दाबली तर फोम दबला आणि वर आला.

"काट्यात घोळ असंल," फकिरा म्हणाला. पण मी बसलो की असतो आणि तो बसला की नसतो, असला घोळ कुठला, हे त्यालाही कळत होतं. तो किटली विसळायला निघून गेला.

३

घरी गेलो तर सुलेखा दारातच होती.

"झालं का वजन?"

"झालं."

"मग कधी बसवताय मला?"

"थोडं काम राह्यलंय."

"तुमच्या थोड्याला लई लांब शेपूट असतं," ती हसून म्हणाली आणि आतून एक पिशवी घेऊन आली. गुलमंडीवरून आणलेला स्कार्फ, पिवळा, बारीक निळ्या ठिपक्यांचा. "उघड्या गाडीत केस उडतात म्हणं. दीपमालानं सांगितलं."

तिने तो बांधून दाखवला. पन्नाशी पार केलेली बाई, पण त्या क्षणी मला ती लग्नात पहिल्यांदा मान वर करून बघणारी मुलगीच दिसली. मी छान म्हटलं आणि पाणी प्यायला आत गेलो.

फ्रिजवर चुंबकाने तिच्या दवाखान्याचं कार्ड लावलेलं असतं. साखरेसाठी ती दर महिन्याला जाते, तिथे वजनही करतात. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट आपण वाचत नाही. त्या दिवशी वाचली. शेवटच्या ओळीत वजनाच्या खाली लिहिलं होतं, अठ्ठावन्न.

मी ग्लास तसाच हातात धरून उभा राहिलो. मग स्वतःला समजावलं. अठ्ठावन्न किलोच्या बायका या गल्लीत निदान दहा निघतील. आकडा जुळला म्हणजे संबंध जुळला असं नसतं, हे मीच नव्या पोरांना शिकवायचो. तरी जेवताना माझी नजर सारखी तिच्याकडे जात होती. ती भाकरी मोडत होती, वरणात बुडवत होती, शेजारच्या केसरबाईच्या सुनेचं काहीतरी सांगत होती. सगळं जिथल्या तिथे होतं आणि मला मात्र भीती वाटत होती. कशाची, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

४

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला गाडी एकट्याने चालवून पाहिली. फकिरा म्हणाला, मी बसतो शेजारी. मी नको म्हटलं. एकटा असताना काय होतं तेच मला बघायचं होतं.

मार्चचं ऊन होतं. पहिल्या सरळ रस्त्यावर गाडी अशी सुटली की मी सगळं विसरलो. समोर लांब नाक, कपाळावर वारा, खाली इंजिनाचा जाड आवाज. आपण जोडलेली वस्तू आपल्याला घेऊन पळते, याचं सुख वेगळंच असतं. मी मोठ्याने हसलो बहुतेक.

पहिलं वळण उजवीकडे होतं. अशा वळणावर गाडी डावीकडे थोडी झुकणारच. ती थोड्यापेक्षा जास्त झुकली. पाण्याच्या टाकीपाशी ब्रेक लावला तेव्हा डावीकडून आवाज आला, कचकच. नवं रेक्झिन अंगाखाली सरकलं की करतं तसा. मी ब्रेक सोडला. परत कचकच, माणूस पुढे कलून मागे टेकावा तसा.

नवी गाडी वाजतेच. मी स्वतःशी हेच म्हणत दुसरा फेरा मारला. टाकीपाशी ब्रेक, कचकच. तिसऱ्या फेऱ्यात टाकीपाशी ब्रेक लावलाच नाही, पुढे शेडसमोर लावला. तिथे वाजलं.

गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. आवारात कोणी नव्हतं. विमानतळाकडे एक विमान उतरत होतं, त्याचा आवाज विरेपर्यंत मी तसाच बसलो. मग डाव्या सीटवर हात ठेवला.

सकाळपासून गाडी शेडबाहेर उन्हात उभी होती, रेक्झिन हाताला चटका देत होतं. माझ्या सीटची कड पोळत होती. डाव्या सीटची कडही पोळत होती. मधला भाग तेवढा पोळत नव्हता. कोणीतरी बसून नुकतंच उठलं की खालची जागा उन्हापासून वाचलेली असते, तेवढाच. मी हात तिथे ठेवला होता, म्हणजे तिथे कोणी नव्हतं. आणि तरी हात काढून घेताना मी, का कुणास ठाऊक, 'माफ करा' म्हणालो.

५

कारखान्यात एक कागद असतो, डेव्हिएशनचा. माल मापाबाहेर गेलाय, पण गिऱ्हाईक थांबलंय, तेव्हा तपासणी खात्याने सही करायची की, चूक आहे हे मान्य, चालवून घ्या. चौतीस वर्षांत मी त्या कागदावर सही केली नाही. मॅनेजर घरी आले, जेवून गेले, सही न घेता गेले.

गाडी मात्र मी तशी सोडली.

स्प्रिंगला आट्यांची रिंग असते. ती फिरवली की गाडीचा तो कोपरा वर उचलला जातो. मी डाव्या बाजूच्या दोन्ही रिंगा अठ्ठावन्न किलोच्या हिशेबाने फिरवल्या. वजन त्याने जात नाही, पण मी बसलो की गाडी समपातळीत उभी राहते. मग पॅडच्या कागदावर लिहिलं, 'चालक एकटा असताना डावीकडे अठ्ठावन्न किलो अधिक. कारण आढळलं नाही. स्प्रिंग जुळवून चालवून घेतलं.' खाली सही केली, तारीख घातली.

फकिरा हे सगळं बघत उभा होता.

"साहेब, हे नाय पटलं मला. सीट खोलू, फरशी खोलू. लागलं तर सगळी गाडी उकलू. दोन महिने जातील, जाऊ द्या."

"सुलेखा थांबलीय फकिरा. स्कार्फ घेऊन बसलीय."

"वहिनी अजून दोन महिने थांबतील. तुमी माझे दरवाजे अर्ध्या मिलिमीटरसाठी माघारी पाठवले होते. आन हितं अठ्ठावन्न किलो चालवून घेता?"

"तुला काय वाटतं, काय असेल?"

"भुताखेताचं आपल्यात नसतं. म्या मानत नाय. पण काटा खोटं बोलत नाय, हे बी तुमीच शिकवलं."

मी गाडी बाहेर काढली. आणि काय सांगू, ती अशी चालली की बस. वळणावर रेघ आखल्यासारखी. ओढ नाही, झोल नाही. आवाजही आला नाही, जणू सीटवर जे काही होतं ते नीट बसलं. मला आनंद झाला. आता आठवून लाज वाटते, पण झाला.

शेडमध्ये परत लावून उतरलो तेव्हा रिकामी गाडी डावीकडून दोन बोटं उचललेली दिसत होती.

"बघा," फकिरा म्हणाला. "तुमी जागा करून दिली."

६

रविवारी चारच्या सुमाराला सुलेखा आली. डबा, पाण्याची बाटली, डोक्याला पिवळा स्कार्फ. गाडी आधीच काट्यांवर चढवलेली होती. फकिराने तिच्यासाठी दार उघडून धरलं.

"थांब," मी म्हटलं. "आधी वजन."

"पोत्यागत तोलताय व्हय मला?"

"गाडीचं तोलायचंय."

ती हसत बसली. सीटवर हात फिरवला, "लई छान शिवलंय," म्हणाली. मी टेबलापाशी उभा राहून आकडे बघत होतो. एकटी सुलेखा, बरोबर सातशे. सहाशे बेचाळीस आणि अठ्ठावन्न. जसे हवेत तसे.

मग मी उजवीकडून आत बसलो. आकडे नाचले. एकटा असताना जो जादा भार असतो तो तसाच असेल तर आता आठशे एकोणतीस यायला पाहिजे.

आकडे थांबले. सातशे एकाहत्तर.

फकिराने बेरीज दोनदा केली. गाडी अधिक मी अधिक सुलेखा, सातशे एकाहत्तर. एक किलो जास्त नाही, एक कमी नाही. मी इतका मोठा श्वास सोडला की सुलेखाने वळून पाहिलं.

"काय झालं हो?"

"काही नाही. सगळं बरोबर आहे."

खरंच बरोबर होतं. जगातल्या कुठल्याही तपासनिसाने पास केलं असतं. मी स्वतःला विचारलं, मग तो जादा भार गेला कुठे? तर तो गेला, संपला. किंवा तो गेला नाही, आणि सुलेखा बसल्यावरही... इथे मी विचार थांबवला. बायको शेजारी बसली होती, स्कार्फची गाठ परत परत तपासत होती. तिला खाली उतरवायला माझ्याकडे एकही कारण उरलं नव्हतं. फकिरा माझ्याकडे बघत होता. मी चावी फिरवली.

७

सुलेखा आधी दाराला धरून बसली होती. पहिल्या वळणानंतर तिने दार सोडलं. दुसऱ्या सरळ रस्त्यावर ती काहीतरी म्हणाली, वाऱ्यात ऐकू आलं नाही.

"काय?"

"म्हटलं, समोरनं लई वेगळे दिसता तुम्ही."

"समोरनं नाही, शेजारून."

"तेच ते. वळताना जीभ बाहेर काढता. लहान पोरावानी."

मला माहीत नव्हतं मी असं करतो. एकतीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, कारण कोणी शेजारी नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी वाऱ्यावर ढकललं.

आवाराच्या पूर्वेला लांबलचक भिंत आहे, चुन्याने रंगवलेली. तिथे रस्ता भिंतीला चिकटून जातो. ऊन पश्चिमेला कललं होतं, आमच्या उजव्या हाताला, त्यामुळे गाडीची सावली डावीकडे भिंतीवर पडली आणि आमच्या बरोबरीने धावायला लागली. लांब नाक, काच, मागे दोन डोकी, एकात एक सरकणारी.

"आपला सिनेमाच चाललाय बघा," सुलेखा म्हणाली आणि तिने दोन्ही हात वर केले, सरळ, डोक्याच्या वर, जत्रेतल्या पाळण्यात पोरं करतात तसे. बांगड्या वाजल्या. ती हसत होती, मला तिचे दात दिसत होते.

मी भिंतीकडे पाहिलं. गाडी होती, काच होती, दोन डोकी होती. वर उचललेले हात कुठेच नव्हते. माझ्या डोक्याशेजारचं डोकं जरासं खाली झुकलेलं, बसमधल्या बायका पिशवी मांडीवर घेऊन बसतात तसं निमूट.

मी परत सुलेखाकडे पाहिलं. हात वरच होते. परत भिंतीकडे बघेपर्यंत भिंत संपली आणि सावली गवतात उतरून मोडून गेली. एवढंच. दोन सेकंदांचा प्रकार. ऊन तिरपं असतं, सावल्या फसवतात. मी हे सगळं स्वतःला सांगितलं आणि तरी दुसरा फेरा न मारता गाडी शेडमध्ये घेतली.

"एवढ्यातच?" सुलेखा म्हणाली.

८

पहिल्या फेरीनंतर स्प्रिंगा बसतात म्हणून परत तोलतात. त्या सवयीने मी गाडी काट्यांवरच चढवली. सुलेखा दार उघडून उतरली, साडी झटकली. मी बसलो होतो. समोर आकडे थांबले. सातशे एकाहत्तर.

यात नवीन काहीच नव्हतं. मी एकटा बसलो की येतातच. फकिराने लिहून घेतलं.

"माझं पण बघते," सुलेखा म्हणाली. "दवाखान्यातला काटा मला पटत नाय." पोत्याचे काटे रुंद असतात, चाकाच्या शेजारी माणूस उभं राहील एवढी जागा असते. तिने माझ्या नजरेसमोर डाव्या पुढच्या काट्यावर दोन्ही पाय ठेवले आणि आधाराला गाडीच्या नाकावर हातही ठेवला नाही.

डब्यावर एकशे चौऱ्याऐंशी होते. एकशे चौऱ्याऐंशीच राहिले.

"किती भरलं?"

फकिरा डब्याकडे बघत राहिला. मग उठला, तिच्या पायाशेजारी आपला एक पाय ठेवून दाबला. आकडा लगेच दोनशेवर गेला. पाय काढला, एकशे चौऱ्याऐंशी. सुलेखा तिथेच उभी होती, चपलांसकट.

"चार्जिंग उतरलं वाटतं वहिनी," तो म्हणाला. त्याचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता.

ती खाली उतरली, वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि हात पुढे केला. "चला, उतरा. डबा खाऊ."

मी उठलो नाही. कसा उठणार? मी उठलो की आकडे सहाशे बेचाळीसवर येतात, हे मी शंभरदा पाहिलंय. मी बसलोय तोवरच ते सुलेखाचे अठ्ठावन्न किलो माझ्या डाव्या हाताला आहेत. मग उठल्यावर ते कुठे जातात, हा प्रश्न इतके दिवस मला पडलाच नव्हता.

आता साडेपाच वाजलेत. अजून उजेड आहे. हे सगळं मी मनातल्या मनात पहिल्यापासून परत मांडून बघतोय, कुठे चुकलं ते सापडावं म्हणून, आणि प्रत्येक ठिकाणी सगळं बरोबरच निघतंय. फकिरा टेबलापाशी बसून आहे. सुलेखाने तिथेच त्याला डबा वाढला, स्वतः घेतला नाही, मी आल्याशिवाय ती कधी घेत नाही. ती तीच आहे. स्कार्फ तोच, रागवायची पद्धत तीच. मला तिचं लई वाईट वाटतंय. आणि माझा डावा हात मघापासून शेजारच्या सीटवर आहे. तिकडे बघायचं धाडस होत नाही, पण हात मी काढलेला नाही.

आता ती परत गाडीपाशी आलीय. या वेळी डाव्या दाराशी. रागवलेली नाही, काळजीत आहे.

"तुम्हाला एकट्याला बरं वाटत नाय का?" ती विचारते. "मी बसू का परत शेजारी?"

तिने दाराच्या कडीला हात घातलाय. हाताखालचं रेक्झिन हळूच कचकचतं.

"नको," मी म्हणतो. "तिथं जागा नाय."

तिचा हात कडीवरच थांबतो. तिने एकतीस वर्षांत माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती.

"बरं," ती म्हणते.